फोनवरची जाहिरात खरी आहे

वेब हे जनमाध्यम आहे का, हा प्रश्न मला जनसंवादाच्या पदवीच्या तोंडी परीक्षेत विचारला गेला होता. बाहेरगावाहून आलेले परीक्षक बिस्कीट चहात बुडवत होते. मी ताठ बसून सांगितलं, की एकाच वेळी, असंख्य आणि अनोळखी लोकांपर्यंत जे पोचतं ते जनमाध्यम. आणि वेब पोचतं, म्हणून ते जनमाध्यम. बिस्कीट तुटून चहात पडलं, परीक्षक ते काढण्यात गुंतले आणि माझं उत्तर बरोबर ठरलं. मी पहिल्या वर्गात पास झाले.

हे मी मिरवण्यासाठीच सांगते आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून पदव्या टांगलेल्या आहेत त्यांना विनय परवडतो. आमच्या हिंगणीच्या घरात माझ्याआधी 'प्रमाणित' हा शब्द फक्त बियाण्याच्या पाकिटावर आला होता. त्यामुळे माझं सर्टिफिकेट बाबांनी लॅमिनेट करून आणलं आणि रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीच्या शेडनेटच्या दारावर लावतो म्हणाले. मी नको म्हटलं. पुढे जे झालं ते पाहता बरंच केलं.

कॉलेज संपल्यावर मला वर्ध्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी लागली आणि सिंदी मेघेला एक खोली. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि सर. सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पेपर रद्दीत जातो, भोंगा हवेत जातो, वेब राहतं. आता मास मीडिया म्हणजे हेच." कपड्यांचे दुकानदार, क्लासवाले, मंगल कार्यालयवाले यायचे आणि सगळे एकच विचारायचे.

"सगळ्यायले दिसन ना?"

"सगळ्यांना," सर म्हणायचे.

दोन दिवसांनी तोच माणूस परत यायचा. "माह्या फोनवर त दिसून नाई राह्यली."

"तुम्ही टार्गेट नाही ना, भाऊ."

स्वतःच्या दुकानाच्या जाहिरातीचं आपण टार्गेट नाही, हे ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो ते मी जवळून पाहिलं आहे. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण बापालाच न मिळावं तसा. शेवटी सरांनी उपाय काढला. जाहिरात लावताना ती आधी मालकाला, मग त्याच्या बायकोला आणि मग त्याच्या साळ्याला दिसेल अशी तजवीज मी करायची. मालक खूश. साळ्याने फोन करून "भाटवजी, तुमची जाहिरात पाह्यली" म्हटलं, की आमचं जनमाध्यम सिद्ध.

एवढं ज्ञान गाठीशी असताना मी ते घरी नेलं नसतं तरच नवल.

बाबांची हिंगणीत रोपवाटिका आहे. फुलकोबी, टोमॅटो, वांगी. ट्रेमध्ये बी टाकायचं, शेडनेटखाली वाढवायचं आणि आजूबाजूच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना विकायचं. फुलकोबीच्या रोपाचं नखरेल काम असतं. पाच पानं झाली की ते ट्रेतून जमिनीत गेलं पाहिजे. ट्रेतच म्हातारं झालं तर पुढे वावरात पान भरपूर येतं आणि गड्डा लिंबाएवढा. म्हणून बाबांचा एक नियम आहे: सहावं पान फुटलेला ट्रे विकायचा नाही. मागितला तरी नाही, फुकटही नाही. "लिंबू निघालं त मानूस पुढच्या साली माह्या तोंडावर आनून फेकन," असं ते म्हणतात. याचा अर्थ, रोप तयार झाल्यावर हातात आठ-दहा दिवस असतात. तेवढ्यात गावोगाव कळलं पाहिजे.

ते कळवायचं काम इतकी वर्षं भोंगेवाले काका करायचे. तीनचाकी ऑटो, टपावर दोन भोंगे. दसरा झाला की बाबा त्यांना सांगायचे आणि काका सेलूच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत फिरून ओरडायचे, हिंगणीले गोबीचं रोप तयार झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात माणसं.

गेल्या दसऱ्याला मी घरी गेले आणि बाबांना म्हटलं, यावर्षी भोंगा नको.

"काऊन? त्याचा गळा बसला का?"

"फोनवर जाहिरात देऊ. मी करते."

"फोनवर कोन आयकन?"

"ऐकायचं नाही, पाहायचं."

"किती लोकं पाहतीन?"

"हजारो."

बाबा ट्रेकडे पाहत राहिले. "हजारो लोकायले द्याले रोपं कुठं आहेत माह्यापाशी?"

ही हरकत आमच्या अभ्यासक्रमात नव्हती, म्हणून मी ती हसण्यावारी नेली. आई म्हणाली, पोरगी तेच शिकली आहे तर करू द्या. बाबा मानले. नुसते मानले असते तर ठीक होतं, पण ते सकाळी चहाच्या टपरीवर गेले आणि चारचौघांत भोंगेवाल्या काकांना म्हणाले, "यावर्षी तुले आराम. आमची पोरगी करते. कालेजात तेच शिकली."

काका म्हणाले, "बरं आहे. भोंग्यालेबी दिवाळीची सुट्टी."

म्हणजे आता शेडभर फुलकोबी आणि बाबांचा चारचौघांतला शब्द, दोन्ही माझ्या डिग्रीच्या भरवशावर. मला तेव्हा याची भीती वाटली नाही. पहिल्या वर्गाचा एक तोटा असा, की भीती उशिरा वाटते.

जाहिरात मी मन लावून केली. बाबांना लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालायला लावला, इस्त्री करून. दोन्ही हातांत ट्रे धरून उभं केलं आणि हसा म्हटलं. ते हसले नाहीत, पण दात दिसले. मजकूर असा: 'हिंगणी येथील विश्वसनीय रोपवाटिकेत फुलकोबी, टोमॅटो व वांग्याची निरोगी, दर्जेदार रोपे उपलब्ध. साठा मर्यादित. त्वरा करा.' खाली निळं बटण: 'आत्ताच नोंदवा'. बाबांना मी जन्मात कधी कोणाला त्वरा करा म्हणताना ऐकलेलं नाही. त्यांचा सगळ्यात घाईचा शब्द 'पाहू' हा आहे. पण व्याकरण शुद्ध होतं.

जाहिरात सुटली आणि आकडा चढायला लागला. मी ऑफिसात दर तासाला पाहायची. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून "वा" म्हणायचे. चौकश्याही आल्या. नागपूरहून एकाने विचारलं, बाल्कनीत कुंडीत लावायला चार रोपं घरपोच मिळतील का. सेवाग्रामहून एका बाईंनी विचारलं, फुलकोबीला सुगंध येतो का. एकाने विचारलं की हिंगणी म्हणजे बोर धरणाच्या जंगलाजवळची ना, मग मुक्कामाची सोय आहे का आणि वाघ नक्की दिसतो का. एक गृहस्थ रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवायचे. खाली 'शुभ सकाळ'. गुलाबाचं रोप आमच्याकडे नसतं हे त्यांना मी दोनदा कळवलं.

सेलूच्या बाजाराचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन.

"माय, कोनी आलं नाई."

"येतील बाबा. आज आकडा दुप्पट झाला."

"आकडा गाडी घेऊन येते का?"

मी त्यांना समजावलं की आधी ओळख तयार होते, मग आवड, मग निर्णय. तीन पायऱ्या आहेत. बाबा म्हणाले, "पानंबी पायरी पायरीनंच येऊन राह्यले. पाचवं आलं."

आणखी चार दिवस वाट पाहिली आणि मग मात्र मी आठवड्याची सुट्टी टाकून हिंगणीला गेले. शेडनेटमध्ये पाय ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं निरोगी, दर्जेदार आणि उपलब्ध रोप एका जागी पाहिलं. एरवी या दिवसांत शेड अर्धं रिकामं असतं. एका कोपऱ्यात बाबांनी सात-आठ ट्रे वेगळे काढून ठेवले होते. सहा पानं मला मोजता येतात.

दुपारी आमच्या शेजारच्या वावरातले भाऊ आले. भाजीवालेच, दर वर्षी बाबांकडूनच रोप नेणारे, बाबांचे लहानपणचे दोस्त. ते आत आले नाहीत. कुंपणापाशीच बाबांना बोलावलं आणि कोणाच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखे हळू बोलायला लागले.

"एक गोष्ट सांगतो, मनाले लावून घेऊ नको. तुह्या फोटो चोरला कोनी तरी."

"माह्या?"

"हे पाह्य. तुह्या नावानं लोकायले फसवून राह्यले."

त्यांनी फोन पुढे केला. माझी जाहिरात होती. त्यावर कोणीतरी लाल रंगाने मोठी फुली मारली होती आणि खाली लिहिलं होतं: 'सावधान. हिंगणीच्या रोपवाल्या भाऊच्या फोटोचा गैरवापर. बटन दाबू नये. सर्व ग्रुपवर पाठवा.'

"कोनी लिहिलं हे?" बाबांनी विचारलं.

"म्याच," भाऊ म्हणाले. आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षा होती. "फुली पोरानं मारून देल्ली. माह्या ग्रुपात सेलूचे सारे बाजारवाले आहेत. सगळ्यायले सांगतलं. कोनी बटन दाबलं नाई, तू फिकीर नको करू."

खरंच कोणी दाबलं नव्हतं. गावात गेल्या वर्षी एकाने असंच कुठलं तरी बटण दाबलं आणि त्याचं खातं साफ झालं होतं. तेव्हापासून हिंगणीत बटण या वस्तूबद्दल एकमत आहे.

"पन खोटं आहे हे तुले कसं समजलं?" बाबा म्हणाले.

भाऊंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अबे, इस्तरीचा शर्ट घालून तू कधी वावरात उभा राह्यला का? आन् त्वरा करा म्हनते. तू म्हनशीन त्वरा करा? आन् आयक, माह्या एकट्याच्याच फोनवर आलं. बायकोच्या नाई, पोराच्या नाई. मी म्हनलं, मलेच काऊन चुपचाप सांगून राह्यला हा? खरं असन ते मानूस चारचौघात सांगते." मग त्यांनी शेवटचा पुरावा दिला. "आन् रोप तयार असतं त भोंगा नसता फिरला का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते 'हो, चोरला असन कोणी' म्हणून मोकळे झाले असते तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. पण बाबांना खोटं बोलता येत नाही. फोटोत हसणंसुद्धा जमत नाही, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलंच होतं.

"फोटो पोरीनंच काढला," ते म्हणाले.

भाऊंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू लिहिलं हे? तू त कालेजात गेलती."

"हो भाऊ. तिथंच शिकले."

"मंग शर्ट तरी साधा घालून द्यायचा होता," ते म्हणाले, आणि कुंपण ओलांडून आत आले. शेडकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं की आपण दोस्ताच्या फायद्यासाठी काय करून ठेवलं आहे. ते खाली बसले. आईने पाणी दिलं.

त्यांना दोष देता येत नव्हता, कारण इशारा उत्तम होता. थोडक्यात, बोलीत, लिहिणारा ओळखीचा आणि चित्रासह. माझी जाहिरात जिथे पोचली नाही तिथेही तो पोचला. माझ्या मावशीला पोचला, कॉलेजातल्या मैत्रिणीला पोचला. संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला. सरांनीच टाकला होता, हात जोडलेल्या चित्रासह: 'मित्रहो, सावध राहा.' ती जाहिरात त्यांच्याच टेबलावरून गेली होती, त्यांच्याच 'वा'सह. त्यांनी ओळखली नाही. ते टार्गेट नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी भोंगेवाल्या काकांना बोलावलं. मला वाटलं होतं ते टोमणा मारायला वेळ घेतील. ऑटोतून उतरायच्या आधीच मारला.

"काय भाऊ, हजारो लोकं पाहून गेले म्हनते."

"पाहून गेले," बाबा म्हणाले. "घेऊन नाई गेले."

काकांचा धंदा आता सुधारला आहे. ते स्वतः ओरडत नाहीत. फोनवर एकदा बोलून ठेवतात आणि तेच भोंग्यातून दिवसभर वाजतं. काय बोलायचं ते लिहून दे, म्हणून त्यांनी मला कागद दिला. मी लिहिलं. हात मुरलेला होता: 'सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की...' काकांनी कागद लांब धरून वाचला.

"बाई, हे मी बोललो त लोकायले वाटन लाईट बिल भराची शेवटची तारीख आहे."

"मग काय लिहू?"

"लिहू नको. बोल. घोळ तुह्या आहे, आवाजबी तुह्याच पाह्यजे." आणि त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला.

सहा सेमिस्टर मी बोलण्याचा अभ्यास केला होता, पण समोर कागद नव्हता. बाबा ट्रेला पाणी देत असल्याचं सोंग करत होते. जे तोंडाला आलं ते मी बोलले:

"मी हिंगणीच्या रोपवाल्याची पोरगी बोलून राह्यली. फोनवरची जाहिरात खरी आहे. फोटो म्याच काढला, लिहिलंबी म्याच. कोनी चोरला नाई. शर्ट इस्तरीचा आहे पन मानूस तोच आहे. बटन दाबाची काही गरज नाई. गोबीचं रोप तयार झालं. या, डोळ्यानं पाहा, मंग न्या."

"बस," काका म्हणाले. "आता समजन."

तो बाजाराचा दिवस होता. मी ऑटोत काकांच्या शेजारी बसून सेलूला गेले. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकत बाजारातून फिरणं ही शिक्षा अभ्यासक्रमात घालायला हवी. माझी डिग्री दर मिनिटाला एकदा, दोन कर्ण्यांतून, वांग्याच्या ढिगांवरून आणि चपलांच्या दुकानांवरून जात होती. लोक हसत होते. शर्टापाशी आलं की हमखास.

पण एक गोष्ट मी पाहिली. ऑटोकडे कोणी फारसं पाहत नव्हतं. लोक एकमेकांकडे पाहत होते. भेंडी विकणाऱ्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं, "आयकलं का? खरंच आहे म्हनते ते." शेजारीण म्हणाली, "म्या त सात जनायले पाठवलं होतं, खोटं आहे म्हनून." पलीकडचा माणूस म्हणाला, "उद्या जाऊ मंग. तुह्या ऑटो रिकामा आहे का?" सगळ्यांनी एकदमच ऐकलं होतं, आणि दुसऱ्याने ऐकलं हेही प्रत्येकाने पाहिलं होतं. माझी जाहिरात याहून कितीतरी जास्त लोकांनी पाहिली होती, पण प्रत्येकाने एकट्याने, आपापल्या खिशात. हजारो लोकांच्या कानात वेगवेगळं कुजबुजणं याला आमच्याकडे जनमाध्यम म्हणत नाहीत. चुगली म्हणतात. परीक्षकांना हे सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा ते बिस्कीट काढत होते.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. एका ऑटोत चार-पाच जण, ट्रे मांडीवर घेऊन जाणारी. पहिल्याने आल्या आल्या विचारलं, "तो शर्ट कुठं आहे?" दुपारी पाहिलं तर बाबा तो घालून उभे होते. कोपरापर्यंत माती. शेजारचे भाऊ सकाळपासून दारातच खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला "खरं आहे, खरं आहे, मीच खोटं म्हनलो होतो" असं सांगत राहिले. प्रायश्चित्ताचा एवढा गोंगाट मी दुसरा ऐकलेला नाही.

तीन दिवसांत टोमॅटो आणि वांगी संपली. फुलकोबीही गेली, पण सगळी नाही. मधल्या दिवसांत कोपऱ्यातले ट्रे वाढतच गेले होते. एकाने ते अर्ध्या भावात मागितले. मी बाबांकडे पाहिलं.

"ते विकाचे नाई," बाबा म्हणाले.

"एक पान त जास्त आहे, भाऊ."

"एकच आहे. म्हनून त नाई."

तो माणूस गेल्यावर बाबांनी ते ट्रे उचलले आणि घरामागच्या तुकड्यात स्वतः लावायला घेतले. फेकायला जीव धजत नव्हता. मी वाफ्यात उतरून रोपं हातात देत गेले. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त शेवटची ओळ लावताना म्हणाले, "पुढच्या साली फोनवरबी टाकजो. पन आधी भोंगा."

मी वर्ध्याला परत आले. सरांनी आमच्या मोहिमेचं एक सुंदर सादरीकरण केलं आहे. नव्या ग्राहकांना ते दाखवतात. आकडे चांगले आहेत. किती लोकांनी पुढे पाठवलं हा आकडा तर फारच चांगला आहे, कारण त्यात भाऊंची लाल फुलीही धरली आहे. ग्राहक विचारतात, सगळ्यायले दिसन ना? सर म्हणतात, सगळ्यांना. मी गप्प बसत नाही. मी विचारते, "तुमच्या गावात भोंगा कोण फिरवतं?" सर खोकतात.

थंडीत हिंगणीहून एक पिशवी आली. बाबांनी सिंदी मेघेला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवली होती. वर वर्तमानपत्राचा कागद, आत पानांच्या गर्दीत गड्डे. मी फोन केला.

"भेटले का?"

"भेटले बाबा."

"कवढे आहेत?"

"लिंबाएवढे."

"मी सांगतलं होतं," ते म्हणाले आणि लगेच पुढे, "चवीले चांगले आहेत पन. तुह्या मायनं काल केले."

मी कढईत तेल टाकलं, मोहरी टाकली आणि ते अख्खेच सोडले. कापायची गरज नव्हती.